दयेच्या टाळ्या

नाट्यकलेवरील आपल्या टीकावाङ्मयांत एका प्रकारच्या नाटकांची दखल बहुधा घेतलीच जात नाहीं. आणि घेतली गेली तर ती अशा रीतीनें घेतली जाते कीं, न घेतली असती तर बरें झालें असतें असें वाटावें. एखाद्या गांवच्या किंवा वस्तीच्या लोकांनीं एकत्र येऊन रचलेलीं, रंगभूमीचें शिक्षण न मिळालेल्या अनेक हातांनीं उभीं केलेलीं, आणि वय, विद्या किंवा शरीर यांतील कोणत्याहि उणिवेमुळें कोणाला दाराबाहेर न ठेवण्याच्या निश्चयानें सादर होणारीं नाटकें तीं हीं. इंग्लंडांत गेल्या अर्धशतकांत या प्रकाराला स्वतंत्र नांव व कांहीं प्रतिष्ठा मिळाली आहे. आपल्याकडे त्याचा एक भाग फार जुना आहे. नांव मात्र नाहीं. या लेखापुरतें आम्ही त्याला समूहनाट्य म्हणूं.

अशा प्रयोगाला गेलेला सुशिक्षित प्रेक्षक दोहोंपैकीं एक भूमिका घेतो. 'ही कला नव्हे, हें समाजकार्य आहे' असें म्हणून तो आपली रसिकता घरीं ठेवून येतो. किंवा 'बिचाऱ्यांनीं किती कष्ट घेतले!' असें म्हणून तो ती खिशांतच ठेवतो. शाळेच्या स्नेहसंमेलनांत कर्णबधिर मुलांचा नाच जाहीर होतांच, पडदा वर जाण्यापूर्वींच, सभागृहांत टाळ्यांचा गजर होतो हें वाचकांनीं पाहिलें असेल. मग नाच चांगला झाला कीं वाईट, याविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. त्या मुलांनीं महिना महिना खपून, पायाखालच्या फळीच्या हादऱ्यावरून ठेका पक्का केला असेल, किंवा शिक्षकानें ऐन वेळीं कसेंतरी उरकून घेतलें असेल, टाळ्या तितक्याच. समोर कांहींहि घडलें तरी ज्या टाळ्यांत फरक पडावयाचा नाहीं, त्या पाहिल्याच्या टाळ्या नव्हेत. त्या दयेच्या टाळ्या होत; आणि ज्याला दया मिळते त्याला न्याय मिळत नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, कलेच्या न्यायासनापुढें उभें राहण्याचा हक्क समूहनाट्यालाहि आहे, आणि तो हक्क नाकारणें हा बहिष्काराचाच एक सौम्य प्रकार आहे. परंतु न्याय द्यावयाचा तर कोणत्या कायद्यानें, हें आधीं ठरविलें पाहिजे. शेतीच्या तंट्याचा निकाल जहाजाच्या कायद्यानें करून चालत नाहीं. म्हणून कांहीं प्रत्यक्ष उदाहरणें घेऊन तो कायदा शोधण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. समूहनाट्य म्हणजे हौशी नाटक नव्हे. हौशी मंडळी बहुधा धंदेवाईक रंगभूमीचें अनुकरण करतात. तेंच नाटक, तोच पडदा, तीच पात्रयोजना, फक्त पोटाची चिंता वजा. त्यांची धंदेवाईकांशीं तुलना होणें योग्यच आहे, कारण ती त्यांनीं स्वतःच ओढवून घेतलेली असते. समूहनाट्यांत क्रम उलटा आहे. तेथें नाटक आधीं ठरवून मागाहून माणसें निवडीत नाहींत. माणसें आधीं जमतात. दोनशें माणसें आलीं आहेत, त्यांतील कोणालाहि परत पाठवावयाचें नाहीं. तर आतां कोणतें नाटक शक्य आहे, असा तेथला प्रश्न असतो. ही अट कडक आहे खरी. पण बंधनांतून रूप जन्मास येतें हें काव्याच्या अभ्यासकाला नव्यानें सांगावयास नको. ओवीला आणि आर्येला त्यांचें सौंदर्य त्यांच्या बंधनांनींच दिलें आहे. तेव्हां परीक्षणाचा पहिला प्रश्न हा कीं, समूहाच्या या अटीनें कलाकृतीला कांहीं नवें रूप दिलें काय? कीं जुन्याच सांच्यांत अधिक माणसें कोंबलीं?

या प्रश्नाचें उत्तम उत्तर ॲन जेलिको (१९२७–२०१७) यांच्या कार्यांत सांपडतें. जेलिकोबाई या लंडनच्या रॉयल कोर्ट रंगभूमीवर नांव मिळविलेल्या नाटककार. पुढें राजधानी सोडून त्या डॉर्सेट परगण्यांतील लाइम रीजिस या समुद्रकांठच्या लहानशा गांवीं राहावयास गेल्या, आणि १९७८ सालीं तेथील रहिवाशांना घेऊन त्यांनीं 'द रेकनिंग' हें नाटक केलें. १६८५ सालीं मॉन्मथचा ड्यूक राजाविरुद्ध बंड उभारण्यासाठीं याच गांवच्या किनाऱ्यावर उतरला होता. त्या बंडाची ही कथा. नंतर कोलवे थिएटर ट्रस्ट ही संस्था स्थापून त्यांनीं आसपासच्या गांवांतून असे अनेक प्रयोग केले, आणि १९८७ सालीं आपला अनुभव एका पुस्तकांत ग्रथित केला.

शंभरदीडशें नटांना चौकटीच्या रंगमंचावर उभें केलें तर त्यांतील दहा बोलतील आणि उरलेले भिंतीसारखे मागें उभे राहतील. बाईंनीं चौकटच काढून टाकली. सभागृहाच्या कडांना लहानमोठे चौथरे, मध्यें मोकळी जागा, आणि त्या जागेंत नट व प्रेक्षक एकमेकांत मिसळलेले, अशी त्यांची मांडणी. ज्या चौथऱ्यावर प्रसंग सुरू होईल तिकडे प्रेक्षकांनीं वळावयाचें. गर्दींतून वाट काढीत एखादें पात्र जाऊं लागलें तर बाजूला सरावयाचें. शेजारीं उभा असलेला इसम एकाएकीं गर्जूं लागला म्हणजे कळावयाचें कीं, हा प्रेक्षक नसून बंडखोरांपैकीं एक आहे. आपल्याकडील जत्रेंत जो हिंडला आहे त्याला हा अनुभव अगदींच परका वाटूं नये. येथें संख्या ही अडचण राहिली नाहीं, तीच नाटकाची शक्ति झाली. ज्या बाईला एकहि वाक्य नाहीं तीहि प्रेक्षकाच्या खांद्याला खांदा लावून उभी असल्यामुळें भिंत होऊं शकत नाहीं. ही दिग्दर्शकाची कला आहे आणि ती कला म्हणूनच वाखाणली पाहिजे.

याच परंपरेंतील डेव्हिड एडगर यांच्या 'एंटरटेनिंग स्ट्रेंजर्स' या नाटकाची हकीकत टीकाकाराला विशेष बोधप्रद आहे. हें नाटक १९८५ सालीं डॉर्चेस्टर येथें, गांवांतील एका चर्चमध्यें, दीडशेंहून अधिक गांवकऱ्यांनीं केलें. डॉर्चेस्टर म्हणजे टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांतील कॅस्टरब्रिज. नाटकांत दोन ऐतिहासिक व्यक्ति समोरासमोर आहेत: दारूची भट्टी काढून भरभराटीला आलेली सेरा एल्ड्रिज, आणि फोर्डिंग्टन वस्तीचा करारी धर्मोपदेशक हेन्री मूल. १८५४ सालीं फोर्डिंग्टनच्या गलिच्छ वस्तींत पटकी शिरली. लंडनच्या मिलबँक तुरुंगांतील कैदी डॉर्चेस्टरला आणून ठेवले होते आणि त्यांचे कपडे फोर्डिंग्टनच्या बायका धूत असत; त्या कपड्यांबरोबर रोग आला. मूलनें घरोघर शुश्रूषा केली, आणि ती वस्ती ज्या जहागिरीची होती तिच्या व्यवस्थेंत वजन असलेल्या प्रिन्स अल्बर्टला पत्रांमागून पत्रें लिहून तेथील घाणीचा जाब विचारला. याच मूलनें पुढें पाण्याऐवजीं कोरड्या मातीचा उपयोग करणारा शौचकूप शोधून काढला.

दोनच वर्षांनीं, १९८७ सालीं, एडगर यांनीं पुनर्लेखन केलेलें हेंच नाटक लंडनच्या राष्ट्रीय नाट्यगृहांत आलें. दिग्दर्शक पीटर हॉल, मुख्य भूमिकांत जूडी डेंच आणि टिम पिगॉट-स्मिथ. अभिनयाच्या बाबतींत दोहोंची तुलना करणेंच व्यर्थ होय; डेंचबाईंच्या तोडीची नटी कोणत्याहि गांवच्या वेशींत रोज सांपडत नाहीं. मग डॉर्चेस्टरचा प्रयोग हा लंडनच्या प्रयोगाची कच्ची तालीम होती असें म्हणावयाचें काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. लंडनला पटकी हा कथेंतला प्रसंग होता. डॉर्चेस्टरला तो गांवाचा प्रसंग होता. ज्या रस्त्यांवरून प्रेतें गेलीं त्याच रस्त्यांवरून चालत प्रेक्षक आले होते, आणि ज्या गांवानें ती वस्ती दुर्लक्षिली त्याच गांवचे रहिवासी आतां त्या वस्तींतील माणसें होऊन उभे होते. गांवानें आपल्याच जुन्या अपराधाचें वाचन आपल्याच तोंडानें करावें, हा रस धंदेवाईक नट कितीहि थोर असला तरी निर्माण करूं शकत नाहीं. तो रस उत्पन्न झाला कीं नाहीं, हें समूहनाट्याचें परीक्षण. उच्चार किती शुद्ध होते हें नव्हे.

एवढें मान्य केल्यावर जेलिकोबाईंच्या पद्धतींतील उणेंहि दाखविलें पाहिजे. राजकारण गांवांत फूट पाडतें, म्हणून तें अशा नाटकांतून टाळावें असें त्यांचें मत होतें, आणि त्याबद्दल त्यांच्यावर त्यांच्याच देशांत टीका झाली. ही टीका आम्हांस बव्हंशीं पटते. शंभर वर्षांपूर्वींच्या घाणीबद्दल सर्वांचें एकमत सहज होतें. तंटा होतो तो आजच्या घाणीबद्दल. जो समूह आपल्या हयात भांडणांना हात लावीत नाहीं, तो एकत्र आला आहे कीं केवळ एकत्र उभा आहे, अशी शंका येते.

या शंकेला अगदीं उलट टोंकाचें उत्तर ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनीं दिलें. लष्करी राजवटीनें त्यांना १९७१ सालीं पकडलें व पुढें त्यांना देशत्याग करावा लागला. १९७३ सालीं पेरू देशांतील साक्षरतेच्या मोहिमेंत काम करीत असतां घडलेली एक हकीकत त्यांनींच सांगून ठेवली आहे. ते एखाद्या संकटांतील माणसाचा प्रसंग अर्धाच दाखवीत, आणि पुढें काय करावें तें प्रेक्षकांना विचारून त्याप्रमाणें नटांकडून करवून घेत. एके वेळीं एका बाईनें सुचविलेला उपाय नटांनीं करून दाखविला, तो तिला पसंत पडेना. पुनःपुन्हां केला तरी पडेना. तेव्हां बोआल यांनीं तिलाच रंगमंचावर बोलाविलें. आणि तिनें करून दाखविलें तेव्हां सर्वांना कळलें कीं, तिच्या शब्दांचा जो अर्थ नट समजत होते तो तिच्या मनांत कधींच नव्हता. येथून त्यांच्या नव्या पद्धतीचा जन्म झाला. प्रसंग एकदां शेवटपर्यंत करून दाखवावयाचा. तो अन्यायांत संपतो. मग तोच पुन्हां सुरू करावयाचा, आणि आतां प्रेक्षकांपैकीं कोणीहि 'थांबा' म्हणून पुढें येऊन पीडित पात्राची जागा घ्यावयाची व आपला उपाय करून पाहावयाचा. आपल्या देशांत पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागांत १९८५ सालीं संजय गांगुली यांनीं स्थापिलेल्या 'जन संस्कृति' या संस्थेनें ही पद्धत शेतमजुरांच्या वस्त्यांत रुजविली आहे. स्वतः बोआल १९९३ ते १९९६ या काळांत रिओ शहराच्या प्रतिनिधिसभेचे सभासद होते, आणि अशा प्रयोगांतून पुढें आलेल्या सूचनांवरून तेरा कायदे संमत झाले. नाटकाच्या तेराव्या प्रवेशांत कायदा पास होतो असें आपण प्रहसनांत वाचलें असतें. तेथें तें खरोखर घडलें.

कलेच्या दृष्टीनें या पद्धतीचा गुण असा कीं, लेखकाचा हक्क येथें खरोखरच वांटला गेला आहे. शेवट कोणाचा? जो उठून येईल त्याचा. पण गुणाच्या पाठोपाठ दोषहि येतो. पीडक व पीडित इतके स्पष्ट असावे लागतात कीं, पात्रें माणसें न राहतां गणितांतील अक्षरें होण्याचा धोका असतो. आणि ज्या गांवांत दहा वेळां प्रयोग झाला तेथें अकराव्या वेळीं उठणाराहि ठरलेला असतो व उपायहि ठरलेला. म्हणून अशा प्रयोगाच्या परीक्षकानें शेवटीं टाळ्या किती पडल्या हें पाहूं नये. उठून आलेल्या माणसाचा उपाय फसला तेव्हां सभागृहांत काय झालें तें पाहावें. फसलेल्या उपायानें जर लोकांना विचारांत पाडलें, तर नाटक जिवंत होतें. प्रत्येक उपाय यशस्वी होऊं लागला, तर त्या नाटकाला खोट्या सुखान्ताचा जुनाच रोग जडला आहे असें समजावें.

आतांपर्यंतच्या विवेचनांत एक गोष्ट आम्ही मुद्दाम बाजूला ठेविली होती. उभ्या प्रेक्षकांत फिरणारें नाटक फार सुंदर. पण ज्याला उभें राहतां येत नाहीं त्याचें काय? 'थांबा' म्हणून पुढें येण्याची मुभा सर्वांस आहे. पण ज्याला मागचें वाक्य ऐकूंच आलें नाहीं, त्यानें कोठें थांबवावें? एक दार उघडतांना दुसरें लागतें, आणि तें लागल्याचें आंतल्यांना कळतहि नाहीं. सर्वसुलभता हा शब्द आपण उताराचा रस्ता व राखीव खुर्ची एवढ्यावर संपवितों. तो नाटकाच्या रूपाचा प्रश्न आहे हें ज्यांनीं दाखविलें ती मंडळी म्हणजे इंग्लंडांतील 'ग्रे-आय'.

ही संस्था १९८० सालीं नाबिल शाबान व रिचर्ड टॉमलिन्सन यांनीं काढली. शाबान हे स्वतः चाकांच्या खुर्चींतून वावरणारे नट. संस्थेचें नांव ग्रीक पुराणांतील तीन बहिणींवरून घेतलें आहे. तिघींत मिळून त्यांना एकच डोळा व एकच दांत होता आणि तो त्या आळीपाळीनें वापरीत. समूहकलेला याहून समर्पक नांव आम्हांस सुचत नाहीं. १९९७ पासून संस्थेच्या कलाविषयक सूत्रधार झालेल्या जेनी सीली या स्वतः कर्णबधिर आहेत. सामान्य नाट्यगृहांत बहिऱ्या प्रेक्षकांसाठीं खुणांची भाषा जाणणारा एक दुभाषी रंगमंचाच्या कोपऱ्यांत, काळ्या कपड्यांत, उभा केलेला असतो. प्रेक्षकानें त्याच्याकडे पाहिलें तर नाटक हुकतें, नाटकाकडे पाहिलें तर अर्थ हुकतो. सीलीबाईंच्या प्रयोगांत ही खुणांची भाषा पात्रांच्याच हातांत येते. बोललेले शब्द पडद्यावर उमटतात ते नेपथ्याचा भाग म्हणून. आणि आंधळ्या प्रेक्षकाला जें कळावयास हवें तें कुजबुजून सांगण्याऐवजीं संवादांतच गुंफलें जातें.

याचा परिणाम डोळस प्रेक्षकावरहि होतो, आणि येथेंच टीकाकाराचें काम सुरू होतें. आलेल्या पाहुण्याचें वर्णन पात्रानें करावयाचें ठरलें म्हणजे तें वर्णन कोण करतो, कोणत्या शब्दांत करतो, काय गाळतो, हें सर्व नाट्यमय होतें. सासूनें केलेलें सुनेचें वर्णन आणि नवऱ्यानें केलेलें वर्णन एक नसतें. आपल्या जुन्या संस्कृत नाटकांतील पात्रें रथाचा वेग, तपोवनाची शांति, मागें पडणारीं झाडें हीं शब्दांनींच उभीं करीत. कारण रंगमंचावर त्यांपैकीं कांहींच नसे. नेपथ्य वाढलें तशी ही विद्या मागें पडली. आंधळ्या प्रेक्षकाच्या निमित्तानें ती परत आली तर त्यांत उपकार कोणी कोणावर केला, हें ठरविणें कठीण आहे. २०१२ सालीं लंडन येथें अपंग खेळाडूंच्या जागतिक सामन्यांचा उद्घाटनसोहळा झाला, त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकीं सीलीबाई या एक होत्या. १९८१ सालीं बी. बी. सी.नें आक्षेपार्ह ठरविलेलें, पोलिओनें अधू झालेल्या इअन ड्यूरी या गायकाचें एक संतप्त गाणें, त्या सोहळ्यांत जगासमोर गाइलें गेलें. दया मागणाऱ्यांचा तो आवाज नव्हता.

आतां आपल्या घराकडे वळूं. समूहनाट्य आपल्याला नवीन नाहीं असें आम्ही आरंभीं म्हटलें. कोंकणांत शिमग्याला वा गांवच्या उत्सवाला मुंबईहून परतलेले चाकरमानी आणि गांवकरी मिळून नाटक उभें करतात. गोव्यांत देवळाच्या जत्रेंतील गांवकऱ्यांच्या नाटकाची प्रथा आजहि चालूं आहे. दशावतारांत तर संवाद लिहिलेलेहि नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. या परंपरेचा अभिमान वाहणें सोपें आहे. पण गांवाचें नाटक म्हणतांना गांव म्हणजे कोण, हा प्रश्न आपण टाळतों. बायकांचीं कामें पुरुष करीत. ज्यांना देवळांत मज्जाव होता त्यांना देवळापुढच्या मांडवांतहि मानाची जागा नव्हती. ज्यांना गांवानें आपल्या नाटकांत घेतलें नाहीं त्यांनीं आपलें नाटक निराळें मांडलें. सत्यशोधक जलसे आणि त्यानंतरचे आंबेडकरी जलसे हीं याचीं साक्ष आहेत. महाराष्ट्रांतील समूहनाट्याचा इतिहास कोणी लिहील तर त्यांतील सर्वांत तेजस्वी प्रकरण गांवाच्या मांडवाबाहेर घडलें असें त्याला नमूद करावें लागेल.

हा दोष केवळ आपला नव्हे. बव्हेरियांतील ओबरआमरगाउ या खेड्यानें १६३३ सालीं प्लेगमधून वांचण्यासाठीं नवस केला, आणि १६३४ पासून तें गांव ठराविक वर्षांनीं येशूच्या अंतकाळाचें नाटक करीत आलें आहे. सारें गांव त्यांत राबतें म्हणून जगभर त्याची कीर्ति. परंतु विवाहित स्त्रिया व पस्तिशी उलटलेल्या स्त्रिया यांना त्यांत भूमिका मिळत नसे; तो हक्क त्यांना १९९० सालीं न्यायालयांत जाऊन मिळवावा लागला. साडेतीनशें वर्षें 'सारें गांव' हा शब्द अर्ध्या गांवापुरताच खरा होता! समूह हा शब्द उच्चारल्यानें दार उघडत नाहीं. दाराबाहेर कोण उभें आहे हें दर पिढीला पुन्हां जाऊन पाहावें लागतें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या गृहसंस्थांत गणेशोत्सवांत मुलांचें एखादें नाटुकलें होतें. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालीं सुरू झाल्यावर त्याच्या मेळ्यांनीं कित्येकांना रंगमंचावर पहिलें पाऊल टाकावयास शिकविलें. आज कित्येक ठिकाणीं भाड्याचा वाद्यवृंद आणून तो प्रश्न एका रात्रींत मिटविला जातो. जेथें तो मिटविलेला नाहीं तेथें एकच पाहावें: रखवालदाराची मुलगी त्या नाटकांत आहे काय? तिसऱ्या मजल्यावरील, गुडघे धरलेल्या आजीबाई आहेत काय? उशिरां बोलावयास लागलेला आणि अजून अडखळणारा मुलगा आहे काय? आणि असल्यास त्याला झाड करून उभें केलें आहे, कीं त्याच्या अडखळण्याला कथेंत कांहीं अर्थ आहे? अडखळणाऱ्या मुलाला दूताचें काम देऊन, तो निरोप पुरा करीपर्यंत सारा दरबार श्वास रोखून बसलेला दाखविला, तर त्या पांच मिनिटांत जें नाट्य आहे तें भाड्याच्या दिव्यांत नाहीं. मुलाला झाड करणारा दिग्दर्शक दयाळू असेल; दिग्दर्शक म्हणून तो कच्चा आहे, आणि तसें म्हणावयास हरकत नसावी.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कठोर टीकेनें नवखा माणूस खचेल, पुन्हां रंगमंचाकडे फिरकणार नाहीं. मग कलेच्या न्यायाचें काय लोणचें घालावयाचें आहे? आमचें उत्तर असें कीं, टीका कशावर करावयाची याचा विवेक हवा. अडखळलेली जीभ, चुकलेलें पाऊल, विसरलेलें वाक्य हे टीकेचे विषयच नव्हेत. कोणती कथा निवडली, ती कोणी निवडली, जमलेल्या माणसांच्या अंगचें जें विशेष होतें त्याचा उपयोग झाला कीं तें झाकलें गेलें, ज्यांच्यावर नाटक आहे त्यांना 'हें असें नव्हतें' म्हणण्याची मुभा तालमींत होती काय, हे निर्णय आहेत, आणि निर्णयांची झाडाझडती घेतलीच पाहिजे. जेलिकोबाईंचा आग्रह आम्हांस येथें फार मोलाचा वाटतो. लेखक व दिग्दर्शक कसलेलाच हवा असें त्या म्हणत; गांवचीं माणसें आपल्या आयुष्यांतले कित्येक महिने देतात, त्यांच्या हातीं दुय्यम वस्तु देण्याचा आपल्याला अधिकार काय? हा आदर होय.

शेवटीं काळाची कसोटी. पाहुणा दिग्दर्शक निघून गेल्यावर गांवांत काय उरतें? कर्नाटकांत शिमोगा जिल्ह्यांतील हेग्गोडु या सुपारीच्या बागांनीं वेढलेल्या खेड्यांत १९४९ सालीं 'नीनासम्' ही नाट्यसंस्था निघाली. के. वी. सुब्बण्णा (१९३२–२००५) यांनीं ती वाढविली. तेथें १९८० सालीं नाट्यशिक्षणाची शाळा झाली, आणि १९८५ पासून 'तिरुगाट' हें फिरतें पथक कर्नाटकभर नाटकें नेऊं लागलें. जगांतील उत्तम चित्रपट बागाइतदारांना व मजुरांना दाखवून त्यांवर चर्चा करविण्याचा उद्योगहि सुब्बण्णांनीं केला. १९९१ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पारितोषिकाची नव्हे. खेडुताला सोपें तेंच द्यावें हा शहरी समज त्यांनीं मानला नाहीं. शेक्सपिअर व ब्रेख्त हेग्गोडुच्या प्रेक्षकांसाठीं कानडींत आले, आणि पिढ्या बदलल्या तशी त्या प्रेक्षकांत निवडीची दृष्टि आली. जो प्रेक्षक नाटक वाईट आहे असें निर्भयपणें म्हणूं शकतो, तोच त्या गांवाचा खरा लाभ.

यावरून आमच्या वर्गाच्या टीकाकारांचें कर्तव्य उघड होतें. समूहनाट्याला जावें, तिकीट असल्यास विकत घेऊन जावें, अखेरपर्यंत बसावें, आणि परतल्यावर जें खरें वाटलें तें सकारण लिहावें. चांगलें असेल तर कां चांगलें, आणि फसलें असेल तर कोणाच्या निर्णयानें फसलें. नियतकालिकांनीं त्या लेखाला 'सामाजिक वृत्त' या सदरांत न घालतां नाट्यपरीक्षणाच्या सदरांत छापावें. ज्या दिवशीं एखाद्या वस्तींतील मंडळी असें परीक्षण वाचून रागावतील, त्याला उत्तर लिहून पाठवितील, आणि पुढच्या वर्षीं तो दोष टाळून नाटक करतील, त्या दिवशीं त्यांना आपल्या वाङ्मयांत नागरिकत्व मिळालें असें आम्ही समजूं.